कष्टांचं कौतुक पुरे, सुट्टीचं बोला

मी वसईची. माणूस पहाटे किती वाजता उठतो यावरून त्याची पारख करणाऱ्या समाजात वाढले. नंदाखालला आमची केळीची आणि फुलांची वाडी. उजाडायच्या आत बाबा पाटाचं पाणी वळवायला गेलेले असायचे. आई भाजीची पाटी घेऊन विरारहून पहाटेची गाडी पकडायची, दादरला बसायची, माल संपवून दुपारी घरी यायची आणि पुन्हा वाडीत उतरायची. कुणाला ‘आळशी’ म्हटलं की त्याहून मोठा अपमान नव्हता. पण रविवार वेगळा असायचा. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली, जेवणं आटोपली की आई शेजारणींबरोबर ओट्यावर बसायची. तिचे हात रिकामे दिसायचे ते त्याच दिवशी. रविवारी वाडीत कुणी उतरायचं नाही, हा आमच्या आळीचा नियम होता आणि बाबांसारख्या कामसू माणसानंही तो कधी मोडला नाही.

एका उन्हाळ्यात बाबा विषमज्वरानं अंथरुणाला खिळले. वाडीचं शिंपणं शेजारच्या घरांनी आपसांत वाटून घेतलं. आईला कुणाच्या दारात जाऊन विनवणी करावी लागली नाही. बाबा उठले तेव्हा केळीचे घड उतरायला आले होते. याच वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानं सहकारी पतपेढी उभी राहिली. गरजू माणसाला सावकाराच्या दारात जाण्याऐवजी आपल्याच लोकांच्या ठेवींतून कर्ज मिळण्याची सोय झाली. आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. घाम गाळणारी माणसं आणि त्यांच्यामागे उभी राहणारी आळी, असा आमचा ख्रिस्ती संसार होता.

हे सगळं मला अभिमानानं सांगता येतं. तरीही कतारच्या दोह्यात इतकी वर्षं नर्स म्हणून काम केल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. यातली कष्टांची गोष्ट आपण फार मोठ्यानं सांगतो, आणि मागे उभं राहण्याची गोष्ट आपल्या आळीपुरती ठेवतो. कष्टाळूपणाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसानं कष्ट करणाऱ्याच्या सुट्टीची, मजुरीची आणि सोबतीची जबाबदारी घेतली पाहिजे. ती घ्यायची तयारी नसेल तर कौतुकही करू नये.

कतारमध्ये आठवड्याची सरकारी सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी. रविवारी शाळा, कचेऱ्या, साइट, सगळं सुरू. म्हणून रविवारची मिस्सा इथे शुक्रवारी होते. नाताळलाही सरकारी सुट्टी नसते. मी कित्येक नाताळ वॉर्डमध्ये काढले आहेत. शहराच्या दक्षिणेला मेसाइमीर भागात, लोकांच्या तोंडी अबू हमूरला, सगळ्या चर्चचं मिळून एक आवार आहे. बाहेर क्रूस दिसत नाही, घंटा वाजत नाही, फाटकावर तपासणी होते. आत गेलं की कॅथलिक, अँग्लिकन, ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॉप्टिक, केरळातले सिरियन ख्रिस्ती, सगळे शेजारी-शेजारी. जमीन दिली ती तेव्हाचे अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी. आमच्या ‘अवर लेडी ऑफ द रोझरी’ चर्चचा अभिषेक मार्च २००८ मध्ये झाला आणि तो केला कार्डिनल आयव्हन डायस यांनी. ते मुंबईत जन्मलेले, रोमला जाण्याआधी मुंबईचे आर्चबिशप होते. इथली जुनी माणसं ही गोष्ट आजही सांगतात, कारण त्याआधीची वर्षं त्यांनी पाहिली होती. तेव्हा स्वतःचं देऊळ नव्हतं. मिळेल त्या जागेत माणसं प्रार्थनेला जमायची आणि काम झालं की खुर्च्या उचलून जागा होती तशी करून द्यायची.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणूस त्याच्याही फार आधी होता, हे मला इथे आल्यावरच कळलं. सातव्या शतकात या सगळ्या पट्ट्याला सिरियाक भाषेत बेथ कतराये म्हणत. तिथे जन्मलेला आयझॅक नावाचा संन्यासी पुढे निनवेचा बिशप झाला आणि काही महिन्यांतच ते पद सोडून एकांतात निघून गेला. त्याची पुस्तकं पूर्वेकडचे ख्रिस्ती आजवर वाचत आले; २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याचं नाव रोमन चर्चच्या संतांच्या यादीत घेतलं. शांतपणे बसण्याला एवढी मोठी किंमत देणारा माणूस याच मातीत जन्मला, आणि आज याच मातीत कितीतरी माणसांना शांतपणे बसायला अर्धा दिवस मिळत नाही. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शुक्रवारी आमच्या आवारात या. मुलांना धर्मशिक्षण देणारे शिक्षक हे बँकेत, रुग्णालयात, तेल कंपनीत आठवडाभर राबणारे लोक. गाड्या लावून देणारा, पिवळं जाकीट घातलेला माणूस साइटवरचा फोरमन. सहा दिवस उन्हात उभा राहून सातव्या दिवशीही तो उन्हातच उभा. गायनमंडळात फिलिपिनो मुली, त्यांतल्या निम्म्या रात्रपाळी करून आलेल्या. मिस्सा कुठल्या भाषेत नाही ते विचारा. कोंकणी आहे, मल्याळम आहे, तमिळ आहे, फिलिपिनोंची टागालोग आहे, श्रीलंकेच्या लोकांची सिंहली आहे. इथे कुणाच्याही पूर्वजांची दफनभूमी नाही, कुणाची वाडी नाही, कुणाच्या आजोबांनी चर्चला घंटा दिलेली नाही. उद्या व्हिसा संपला की प्रत्येक जण जाणार. अशा माणसांनी बांधलेला हा समाज आहे, आणि तो पूर्णपणे ड्यूटीनंतरच्या कष्टांवर चालतो. यांच्याइतकं कष्टाळू कुणी असेल असं मला वाटत नाही.

पण आत कोण आलं आहे याहून बाहेर कोण राहिलं आहे याची मला जास्त काळजी वाटते. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पमधून इथे यायचं तर बस बदलत यावं लागतं, आणि शुक्रवारी ओव्हरटाइम लागला तर येताच येत नाही. घरकाम करणाऱ्या कित्येक बायका तर आपल्या मर्जीनं बाहेरही पडू शकत नाहीत. कायदा त्यांच्या बाजूनं आहे. कतारच्या २०१७ च्या १५ क्रमांकाच्या कायद्यानं घरकामगारांना दिवसाला जास्तीत जास्त दहा तास काम, आठवड्याला पूर्ण पगारी सुट्टी आणि वर्षाला तीन आठवड्यांची रजा दिलेली आहे. मार्च २०२१ पासून किमान वेतन महिना १,००० रियाल आहे. राहणं-जेवण मालकानं दिलं नाही तर त्याचे ५०० आणि ३०० रियाल वेगळे. हे वेतन घरकामगारांनाही लागू आहे. पण घराच्या बंद दाराआड कायदा पोचवायला कुणीतरी माणूस लागतो.

असा एक अनुभव सांगते. सुपरमार्केटमध्ये एका कुटुंबाच्या मागून ट्रॉली ढकलत येणारी एक बाई मला दिसली. बोटात रोझरीची अंगठी. मोडक्यातोडक्या हिंदीत बोललो. आंध्रातल्या गोदावरीकाठची, दोन मुलं आईकडे ठेवून आलेली. “चर्च कहाँ है, मालूम नहीं,” म्हणाली. दोन वर्षांत तिला एक शुक्रवार मिळाला नव्हता. मी आमच्या चर्चमधल्या एका लेबनानी बाईंना सांगितलं. त्या अरबी बोलणाऱ्या, वयानं मोठ्या. त्या त्या घरी गेल्या, मॅडमबरोबर कॉफी घेतली, भांडण न करता कायदा सांगितला. मॅडमना तो खरोखर माहीत नव्हता. कामवालीला बाहेर सोडू नका, एवढंच एजंटनं त्यांना सांगून ठेवलं होतं. आधी एक शुक्रवार आड, मग दर शुक्रवारी, असं ठरलं. पहिल्यांदा आली त्या दिवशी मिस्सा झाल्यावर ती हॉलमधल्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली. आम्ही कुणी तिला उठवलं नाही. दुपारी डबे उघडले तेव्हा ती जेवली आणि पुन्हा झोपली.

मी नर्स आहे, म्हणून मला तो प्रसंग भक्तीपेक्षा शरीराच्या बाजूनं जास्त कळतो. थकलेलं शरीर खोटं बोलत नाही. जून महिन्यात रुग्णालयात येणारे तरुण पाहा. पंचविशीतला मुलगा, पायांत गोळे आलेले, लघवी गडद, बोलताना जीभ कोरडी. सलाइन लावल्यावर पहिला प्रश्न असतो, “सिस्टर, कल ड्यूटी जा सकता है ना?” आजारपणाची रजा लिहून दिली तर घाबरतो. कतारनं २०२१ मध्ये नियम कडक केले: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद, आणि ऊन, दमटपणा आणि वारा मिळून मोजलेला उष्णतेचा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला तर कुठल्याही वेळी काम बंद. हा नियम चांगला आहे आणि माझ्या मते त्यानं जीव वाचतात. पण काम थांबलं म्हणजे विश्रांती मिळाली असं नाही. पहाटे तीनला उठून बसमध्ये बसलेला माणूस रात्री कॅम्पवर पोचतो, स्वयंपाक करतो, गावी फोन करतो, तेव्हा झोपेला उरतात किती तास?

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं, चर्चच्या आवारातही. “त्यांनाच ओव्हरटाइम हवा असतो. सुट्टी दिली तर रुसतात.” हे खरं आहे. नगरकडचा एक तरुण मला माहीत आहे. पणजोबांच्या काळापासून मिशनच्या चर्चमध्ये जाणारं घराणं, स्वतः पाठांतरात बक्षिसं मिळवलेला. दोह्यात स्कॅफोल्डिंगच्या कामाला लागला आणि शुक्रवारी मागून घेऊन काम करू लागला. कारण विचारलं तर एजंटला देण्यासाठी घरानं व्याजानं काढलेलं कर्ज. पगारातला मोठा भाग व्याजातच जायचा. आता त्याला कष्टाळू म्हणून शाबासकी द्यायची, की प्रार्थना चुकवतो म्हणून दोष द्यायचा? दोन्ही सोपं आहे आणि दोन्हीचा त्याला काही उपयोग नाही. आम्ही काही जणांनी आपापल्या खिशातून पैसे घालून त्याचं सावकाराचं कर्ज मिटवलं. तो आता आम्हाला दर महिन्याला बिनव्याजी परत करतो आणि शुक्रवारी येतो. १९१८ साली वसईत जे केलं गेलं त्याहून यात नवीन काहीच नाही. माणूस विश्रांती का नाकारतो हे शोधून ते कारण दूर करणं, हे समाजाचं काम आहे.

आमच्या प्रवचनांत संत पौलाचा दाखला हमखास येतो. तंबू शिवून पोट भरणारा प्रेषित, कुणावर भार न टाकणारा. आणि थेस्सलनीकाकरांना त्यानं लिहिलेलं ते वाक्य, ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. पण ते वाक्य ज्यांनी धडधाकट असून काम सोडलं होतं त्यांच्यासाठी होतं. दिवसाला बारा तास राबणाऱ्याला ते ऐकवण्यात काय अर्थ आहे? पौल करिंथात तंबू शिवत होता तेही अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून. ते दोघे स्वतः रोममधून घालवून दिलेले, परमुलखात आलेले कारागीर. त्यांनी परक्याला घरात घेतलं, धंद्यात घेतलं, आणि पुढे त्यांच्या घरी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावंतांचा समुदाय, जमू लागली. पौलाच्या कष्टांबरोबर प्रिस्किल्लेचं दार सांगितलं नाही तर गोष्ट अर्धीच राहते.

आणि शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विश्रांती घेण्याची, आज्ञा तर आपण फार घाईनं वाचतो. ती घरधन्यापुरती नाही. तिच्यात चाकराचा, दासीचा, गुरांचा आणि वेशीच्या आत राहणाऱ्या परक्याचा उल्लेख आहे. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात तर दासीच्या मुलाला आणि परक्याला दम घेता यावा हेच विश्रांतीचं कारण सांगितलं आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असं बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगतं. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरीच देवाकडे ओरड करते. बायबलमध्ये कष्टांची स्तुती आहे, पण त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा कष्ट करवून घेणाऱ्याला बजावण्यासाठी खर्च झालेली आहे. आपल्या प्रवचनांत ते प्रमाण उलटं का झालं, याचा विचार आमच्या धर्मगुरूंनी करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

समाज म्हणजे काय ते मी २०२० च्या मार्चनंतर पाहिलं. करोनामुळे इंडस्ट्रियल एरियाचे रस्ते बंद केले गेले. एका खोलीत अनेक माणसं राहणाऱ्या त्या कॅम्पमधून कुणाला बाहेर पडता येत नव्हतं. चर्चचं आवारही बंद झालं. मी त्या काळात कोविडच्या वॉर्डमध्ये होते. घरी आल्यावर फोन हातात घेतला की गटावर निरोपांवर निरोप: अमुक कॅम्पात पीठ संपलं, तमुक ठिकाणी मधुमेहाच्या गोळ्या नाहीत, एकाची आई गावी वारली आहे आणि तो रडणं थांबवत नाही. भारतीय दूतावासाच्या छत्राखालचा इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम कामाला लागला होता. केरळातल्या मुस्लिम संघटनांची मुलं रात्री-अपरात्री गाड्या घेऊन निघायची. आमच्यातले मंगळूरचे, गोव्याचे, वसईचे लोक याद्या करायचे, पिशव्या भरायचे, फोनवर बोलत बसायचे. कोण कुठल्या धर्माचा हे पिशवीवर लिहिलेलं नव्हतं. मिस्सा नव्हती, देऊळ बंद होतं, आणि माझ्या मते आमची मंडळी त्या महिन्यांत जितकी मंडळी होती तितकी नंतर झाली नाही. कारण तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न होता: आज कुणाचं अडलं आहे?

महाराष्ट्राला हे शिकायला कतारपर्यंत येण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून उपासमार झालेल्या मुली आणल्या. त्यांतल्या अनेक मुलींची भाषा मराठी नव्हती, जाती वेगळ्या, सवयी वेगळ्या. रमाबाईंनी त्यांना आधी अन्न दिलं, औषध दिलं, अक्षर दिलं, आणि मग काम दिलं: शेती, विणकाम, छापखाना. रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. तिथल्या बायकांनी अपार कष्ट केले, पण ते त्यांना स्वतःच्या पायांवर उभं करण्यासाठी होते. शेतातल्या बैलासारखं माणसाला राबवणं आणि त्याच्या हाताला काम देणं यांतला फरक रमाबाईंनी कृतीनं दाखवून दिला. नाताळाच्या भाषणांत त्यांचं नाव घेणाऱ्या आम्हा लोकांना तो फरक आज दिसतो का?

मी हे विचारते आहे कारण सुट्टीवर गावी आले की मला वसईतलं चित्र दिसतं. आपल्याकडे आज झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून आलेले आदिवासी ख्रिस्ती आहेत. बांधकामावर आहेत, इमारतींच्या फाटकांवर रखवालदार आहेत, आणि त्यांच्या मुली आपल्या घरांत भांडी घासतात, आपल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात. रविवारी त्यातल्या काही जणी चर्चमध्ये येतात, मागच्या बाकावर बसतात, मराठी मिस्सा समजत नाही तरी गुडघे टेकतात आणि संपताच मालकिणीच्या घरी पळतात, कारण जेवणाला पाहुणे असतात. गावच्या सणाला त्यांना आमंत्रण नसतं. धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत नाव नसतं. आजारी पडल्या तर भेटायला कुणी जात नाही. ‘बाहेरचे’ असं म्हणून आपण त्यांच्यावरून पुढे जातो. वसईचा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे आपण रस्त्यावर उतरलो होतो. आपल्या जमिनीवर, पाण्यावर, भाषेवर आलेला दाब मी जाणते आणि तो खराच आहे. पण त्या दाबाचा राग या मुलींवर काढणं अन्यायाचं आहे. त्यांनी आपल्या वाड्या विकत घेतल्या नाहीत.

आणि आता मी ती गोष्ट सांगते जी मला सगळ्यात जास्त सलते. आखाताला नावं ठेवणं आपल्याला आवडतं. तिथे माणसाला गुलामासारखं वागवतात, असं गावी प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी मला ऐकवतं. कतारमध्ये बरंच वाईट घडलं आहे आणि घडतं; मी ते जवळून पाहिलं आहे. पण तिथल्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईची आठवड्याची सुट्टी लिहिलेली आहे. भारतात घरकामगारांसाठी असा वेगळा राष्ट्रीय कायदा अजून नाही. घरकामगारांना सन्मानाचं काम देणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ सालचा. भारतानं त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं की या कामगारांसाठी कायद्याचा विचार करा. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, ते चांगलंच झालं. पण आपल्या घरातल्या मोलकरणीची त्या मंडळाकडे नोंद आहे का, हे किती जणांना सांगता येईल? दोह्यात मॅडमना कायदा माहीत नव्हता म्हणून आमच्या लेबनानी बाई कॉफी प्यायला गेल्या. वसईत, बांद्र्यात, पुण्यात तसं कोण जातं?

दोह्यात मी परकी आहे. मला माझ्या देशातल्या एका भाषेत, कोंकणीत, प्रार्थना मिळते. माझ्या आजारपणात तमिळ शेजारीण रसम घेऊन येते. फिलिपिनो मैत्रीण माझी रात्रपाळी बदलून देते, म्हणून मला गुड फ्रायडेला देवळात जाता येतं. हे सगळं मला कुणी उपकार म्हणून दिलेलं नाही; तिथे समाज तसाच चालतो, कारण तिथे प्रत्येक जण परका आहे. मग जिथे आपण घरचे आहोत, जिथे बँक आपली, शाळा आपली, पंचायत आपली, तिथे आपल्याला हे करायला काय अडचण आहे?

वसई धर्मप्रांतातल्या, मुंबईतल्या, नगर-पुण्याकडच्या सगळ्या मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्या हद्दीत राहणाऱ्या स्थलांतरित ख्रिस्ती कामगारांची यादी करा आणि त्यांना घरी जाऊन भेटा. महिन्यातून एक मिस्सा हिंदीत ठेवा, आणि ती दुपारी ठेवा, म्हणजे कामावरून सुटलेली माणसं येऊ शकतील. आपल्या पतपेढ्यांत त्यांची खाती उघडून द्या. गावी पैसे पाठवताना आणि अडीअडचणीला कर्ज घेताना त्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये. आणि ज्या ख्रिस्ती घरात मोलकरीण आहे त्या घरानं तिला रविवारची पूर्ण सुट्टी दिली आहे का, हे धर्मगुरूंनी घरभेटीत विचारावं. लग्नाच्या नोंदी विचारतात, बाप्तिस्म्याच्या नोंदी विचारतात, हेही विचारावं.

हे वाचणारे बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, हे मला माहीत आहे. माझी विनंती तुम्हालाही आहे. तुमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, आजीला सांभाळणाऱ्या बाईंना या आठवड्यात समोर बसवा आणि त्यांच्या सुट्टीचा वार त्यांच्या सोयीनं ठरवा. त्या दिवसाचा पगार कापू नका, आणि आदल्या दिवशी दोन दिवसांची भांडी साठवून ठेवू नका.